गोड्या विहिरीची शुद्धी

विहिरीच्या पाण्याला वास येतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते बोलून दाखवायचं कोणी, एवढाच प्रश्न राहिला होता.

शेवटी नर्मदाबाई बोलल्या. थोरल्या भगवंतरावांची बायको म्हणून तो मान त्यांचाच होता, आणि त्यानंतरची बोलणी खाण्याचा मानही त्यांचाच.

"अवो, पाण्याला शेणाचा वास येतोय."

भगवंतराव ओटीवर आरसा टेकवून दाढी करत होते. त्याच पाण्यानं भिजवलेला फेस अर्ध्या गालावर होता. त्यांनी नाक वर करून हुंगल्यासारखं केलं.

"साबणाचा असेल."

"साबणाचा वास मला कळत नाय?"

"आज पाहुणे यायचे, आणि आजच तुला वास यायला लागला!"

वास काही आज यायला लागला नव्हता. गेल्या आठवड्यात हस्ताचा पाऊस कोसळला तेव्हापासून तो होताच; पण त्यांच्या मोठ्या वाडीतल्या विहिरीला वास येतो असं म्हणणं म्हणजे माहीमच्या समुद्राला पाणी नाही असं म्हणण्यापैकी होतं. या किनाऱ्याला कोणाच्याही वाडीत खणा, मचूळ पाणी लागतं. ह्या एकाच विहिरीला गोडं लागलं. ते भगवंतरावांच्या आजोबांच्या पुण्याईनं लागलं की जमिनीच्या नजरचुकीनं, देव जाणे. आजोबांनी, वडिलांनी आणि आता भगवंतरावांनी मात्र ते पाणी स्वतः घरी बनवल्यासारखं मिरवलं होतं. भगवंतराव पंचायतीत होते. पावसाळा संपला की गावातल्या विहिरींत लाल औषध पडलं की नाही हे बघत ते काठी घेऊन फिरत, लोकांना पाण्याच्या स्वच्छतेवर चार शब्द ऐकवत. औषध टाकणारा माणूस मोठ्या वाडीच्या फाटकाशी आला की त्याला तिथूनच परत पाठवत. "आमच्या विहिरीला औषध? ती काय आजारी हाय?"

आणि आजचे पाहुणे विहीर बघायलाच येणार होते. या बाजूची ती रीतच होती. मुलगी बघायला आले की आधी विहिरीवर जायचं. मुलीनं आपल्या हातानं पाणी ओढायचं, सगळ्यांसमोर आधी स्वतः घोट घ्यायचा आणि मग तोच तांब्या पाहुण्यांपुढे करायचा. मचूळ पाण्यावर वाढलेल्या मुलीची जीभही खारट निघते अशी इथल्या सासवांची ठाम समजूत होती. मुलाची आई रंभाबाई एडवणच्या. मुलगा तारापूरला, नव्या वीजकेंद्राच्या बांधकामावर ओव्हरसीअर. असं स्थळ पुन्हा चालून येणार नव्हतं, आणि त्यांना भगवंतरावांच्या मंजुळेच्या फोटोपेक्षा विहिरीची ख्याती जास्त आवडली होती.

"अक्का, जरा पाणी चाखून बघ गं," भगवंतरावांनी आत हाक मारली. घरात मत घ्यायचं ते थोरल्या बहिणीचं. साखरबाई तरुणपणी विधवा होऊन माहेरी आल्या, त्या दिवसापासून घराचं सोवळं त्यांच्या पदरी होतं आणि ते त्यांनी कोणालाही हात लावू न देता सांभाळलं होतं.

साखरबाईंनी चूळभर पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले, गिळलं.

"गोड हाय."

"वन्स, वास?"

"शेणाचा थोडासा येतोय. मग? शेण काय घाण असतं? घर कशानं सारवतेस? चूल कशानं पोतारतेस? देवापुढे सडा कशाचा घालतेस? शेणानं पाणी बाटलं असं तुझ्या माहेरी म्हणत असतील. आमच्याकडे शेणानं शुद्ध होतं."

"हे गाईचं नाय, वन्स. तबेल्यातल्या म्हशींचं हाय. आणि त्यात मूत हाय, कुजका पेंढा हाय…"

"म्हैस म्हणजे काय कुत्रं?"

तेवढ्यात पुंजाराम परसाकडून टमरेल हलवत आला. धाकटा भाऊ. पहाटेपासूनची त्याची ती कितवी खेप होती हे त्यानं स्वतःही मोजलं नसेल. नर्मदाबाईंनी त्याच्या हातातल्या टमरेलाकडे बघितलं, तसं त्यानं ते पाठीमागे धरलं.

"वहिनी, पाणी एकदम झकास हाय. मी आत्ता दोन तांबे प्यायलो."

"भावोजी, मग सकाळपासून तुमी कुठं जाताय?"

"रात्री मुळा जास्त झाला."

भगवंतरावांनाही रात्री मुळा जास्त झाला होता. परवा गड्याला झाला होता. मंजुळेला तर मुळा न खाताच झाला होता.

पुंजारामला पाण्याची बाजू घेण्याचं खास कारण होतं, आणि ते त्याच्या पोटात मुळ्यापेक्षा जास्त दुखत होतं. तबेल्यामागचा शेणाचा खड्डा. म्हशी वाढल्या, दूध पालघर स्टेशनावरून मुंबईला जाऊ लागलं, भगवंतरावांच्या मनगटावर घड्याळ आलं. खड्डा मात्र आजोबांच्या दोन गाईंच्या मापाचाच राहिला. तो भरून वाहायचा आणि दादा त्यातलं खत घोलवडच्या चिकूवाल्यांना विकायचा. पुंजारामच्या पानमळ्याला त्यातली पाटीसुद्धा मिळत नसे. पानवेलीच्या मुळाशी शेणपाणी सोडलं की पान कसं तळहातावर मावेनासं होतं, हे डोळ्यांसमोर दिसत असताना माणसानं किती दिवस कळ काढायची? हस्ताचा पाऊस येण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं कोणाला न विचारता खड्ड्याचा बांध फोडला आणि पातळ शेणकाला पानमळ्याकडे नेणारा एक पाट काढला. पाट विहिरीला खेटून गेला होता, आणि नेमका रहाटाच्या बाजूनं, जिथे कठडा नाही. मग पाऊस आला. पाटानं पानमळ्यापर्यंत जाण्याची तसदी घेतली नाही.

सकाळी पाऊस थांबायच्या आत त्यानं पाट बुजवला होता. बांधाचं खिंडार बघून भगवंतराव म्हणाले, "पावसानं फोडला," आणि पुंजारामनं पावसाला मनापासून चार शिव्या घातल्या होत्या.

"दादा, वहिनींना आजकाल सगळ्यातच वास येतो," तो आता म्हणाला.

"बघ, तिघं सांगतोय," भगवंतरावांनी दुसरा गाल ताणला. "तीन माणसं खोटी आणि तू एकटी खरी?"

नर्मदाबाई माजघरात गेल्या. मंजुळा भिंतीला पाठ टेकून बसली होती. अंगावर आईचं हिरवं लुगडं होतं आणि ते तिला दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसत होतं. आठवडाभर पोटात काही ठरत नव्हतं. पालघरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं होतं, "पाणी बदला. हेच पाणी पोटात जात राहिलं तर मुलगी हातची जाईल." भगवंतरावांनी त्या डॉक्टरचं नाव टाकलं. गोड्या विहिरीवर बोट ठेवणाऱ्याची डिग्रीच खोटी असणार. नर्मदाबाई चोरून पाणी उकळत, तर साखरबाई ते पातेलं तुळशीत ओतत. "उकळलेलं पाणी म्हणजे आजाऱ्याचं घर. पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगू?" असं त्यांचं म्हणणं. तुळसही अलीकडे मलूल दिसू लागली होती.

"आये, मला ओढायला जमेल का गं?" मंजुळेनं विचारलं. "घागर."

"नको ओढू."

"आत्या म्हणते ओढायलाच पायजे. आणि आधी मीच प्यायचं."

पोरगी घाबरली नव्हती, ती दमली होती. नर्मदाबाईंना ते जास्त लागलं. एवढ्या माणसांच्या घरात आपल्या लेकीला एक तांब्या चांगलं पाणी आपण देऊ शकत नाही, या विचारानं त्यांचा जीव तुटला. मग त्यांना राग आला, आणि रागात डोकं चालायला लागलं. लग्न होऊन आल्या त्या वर्षीचं त्यांना आठवलं. विहिरीत कुत्रं पडलं होतं. तेव्हा ह्याच साखरबाईंनी विहीर तळापर्यंत उपसून घेतली, गाळ काढायला लावला, गोमूत्र शिंपडलं आणि झरा पुन्हा भरेपर्यंत कोणाला घागर बुडवू दिली नाही. शेणानं ही विहीर बंद होणार नव्हती. ती विटाळानं मात्र घटकेत बंद झाली असती.

खिडकीतून भागी दिसली. पाड्यावरची भागी डोक्यावर गवताचा भारा घेऊन तबेल्याकडे चालली होती. ती आणि तिचा नवरा नवशा, दोघंही वाडीत कामाला होते. पाड्यावरच्या माणसांनी विहिरीला हात लावायचा नाही, तहान लागली की ओंजळ धरून उभं राहायचं, कोणीतरी वरून ओतायचं. नर्मदाबाईंना दुसरं नाव सुचलं नाही असं नाही. दुसऱ्या कोणाच्या नावानं विहीर बंद झाली नसती.

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "वन्स, सांगू की नको असं झालंय. भागीनं आज विहिरीतनं पाणी काढलं. आपल्या हातानं. मी बघितलं."

साखरबाईंच्या हातातला झारा कढईत पडला.

पुढच्या घटकेत घर फिरलं. सकाळी तिघं एका बाजूला आणि नर्मदाबाई एकट्या होत्या. आता साखरबाई ओटीवर उभ्या राहून भावावरच गरजत होत्या.

"उपसायला लाव! आत्ताच्या आत्ता! तळापर्यंत!"

"अक्का, पाहुणे निघाले असतील एडवणीतनं."

"मग बाटलेलं पाणी पाजणार तू व्याह्यांना?"

भगवंतराव जन्मात बोलले नव्हते ते त्या सकाळी बोलले. गरज पडली की माणूस कुठून कुठून विचार काढतो!

"हे बघ अक्का, आता ते दिवस गेले. सरकारनं कायदा केलाय. माणूस माणसाच्या हातानं बाटत नाय. भागी काय, तू काय, देवानं एकाच मातीची…"

"माझं नाव तिच्याबरोबर घेऊ नको! आणि गेल्या साली नवशाच्या पोरानं रहाटाला हात लावला, तवा त्याला चिंचेच्या फोकानं कोणी हाणलं? कायद्यानं?"

सुधारणेचं वारं ओटीवरून आलं तसं परसदारी निघून गेलं.

त्यांनी भावाकडे आधारासाठी बघितलं, तर पुंजाराम एव्हाना बाजू बदलून बसला होता. विहीर उपसली की शेणाचा पुरावाही उपसला जाणार, हे त्याच्या लगेच लक्षात आलं होतं.

"अक्काचं बरोबर हाय, दादा. धर्म तो धर्म. मी आणतो माझं इंजिन."

इंजिन धडधडायला लागलं. पाण्याचा पाईप पाटात सोडला होता आणि पाट उताराच्या अंगाला, वाडीच्या कुंपणापलीकडे धावत होता. पहिलं पाणी हिरवट आलं, मग तपकिरी, मग जे आलं त्याला पाणी म्हणायला फक्त त्या घरातल्याच माणसांची जीभ हवी. पाईपाच्या जाळीत शेणाचे गोळे आणि पेंढ्याच्या गुंडाळ्या अडकून इंजिन सारखं घुसमटत होतं. जाळी मोकळी करायला माणूस आत उतरवायला हवा होता. नवशाला उतरवलं. विहीर त्याच्या बायकोच्या हातानं बाटली होती आणि तो स्वतः तिच्यात छातीभर पाण्यात उभा राहून हातानं शेण उपसत होता. यात कोणालाच वावगं वाटलं नाही. कामाला उतरलेल्याचा विटाळ नसतो, असा साखरबाईंचा नियम होता. असा नियम नसता तर गाळ त्यांनाच काढावा लागला असता.

नवशानं भरून दिलेली पहिली पाटी वर आली. काळा, बुडबुडे येणारा चिखल. भगवंतरावांनी तो बघितला, भावाकडे बघितलं, पुन्हा पाटीकडे बघितलं.

"एवढं शेण विहिरीत आलं कसं रे पुंजा?"

"पाऊस, दादा. यंदाचा हस्त फार वाईट."

भागीला बोलावून अंगणात उभी केली होती. साखरबाई हातभर लांबून बोलत होत्या.

"उद्यापासनं वाडीत पाय टाकायचा नाय. तू पण नाय आणि तुझा नवरा पण नाय. विहिरीतनं वर आला की त्याला पण सांग."

"पन अक्काबाय, मी केलं काय?"

"पाणी काढलंस विहिरीतनं!"

"मी? कवा?" भागीला खरंच कळेना. तिनं सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि शेवटी नर्मदाबाईंकडे. वाडीत तिला ओंजळीत पाणी ओतणाऱ्या बहुतेक वेळी त्याच असत. "बाय, तुमी तरी सांगा. मी कदी हात लावलाय काय? तुमी नसला तर मी तहानेली जाते घरी, पन हात नाय लावीत."

नर्मदाबाई खरं बोलल्या असत्या तर इंजिन थांबलं असतं. त्यांनी मनात हिशेब केला होता, की आज विहीर उपसली जाईल, पाहुण्यांना नारळपाणी देऊन पुढची तारीख काढू, मंजुळा सावरेल, मग भागीला हळूच परत कामावर घेऊ. हिशेब तसा वाईट नव्हता. फक्त त्यातला भागीचा वाटा भागीला विचारून ठरवलेला नव्हता, आणि तिच्या तोंडाकडे बघताना नर्मदाबाईंना स्वतःची शरम वाटली.

"आनि ते पानी," भागी एकदम कुंपणाकडे वळली, "ते कुठं सोडलंय? खालती आमचा झिरा हाय! पाड्यावरची सगळी तिथलंच पितात!"

"त्यांना चालतं," भगवंतराव घड्याळ बघत म्हणाले. "त्यांच्या पोटाला सवय असते."

भागी धावतच कुंपणापाशी गेली आणि हातानं चिखल ओढून पाट अडवायला लागली. इंजिनापुढे तिचे हात किती पुरणार?

आणि नेमकी त्याच वेळी फाटकात बैलगाडी येऊन उभी राहिली. पाहुणे वेळेच्या आधी आले होते. रंभाबाई उतरल्या. अंगानं भरलेल्या, हातात पाटल्या, डोळे बारीक आणि कोणतीही गोष्ट न सोडणारे. मागून त्यांचे दीर उतरले, ते टोपी सावरण्यापलीकडे काही करणाऱ्यांपैकी नव्हते.

"अगबाई! आज विहीर उपसताय?" रंभाबाई सरळ विहिरीकडेच निघाल्या. "काय पडलंबिडलं काय तिच्यात?"

"छे छे!" भगवंतरावांनी हात जोडले. "दरसाल काढतो गाळ. स्वच्छतेच्या बाबतीत आमी जरा कडक."

"पाहुणे यायच्या दिवशी?"

ह्यावर भगवंतरावांनी घड्याळ बघितलं. उत्तर साखरबाईंकडे होतं, पण ते 'विहीर बाटली' असं होतं, आणि ते व्याह्यांपुढे बोलायचं कसं म्हणून त्या ओठ दाबून उभ्या होत्या. कुंपणाजवळ भागी गुडघ्यांवर बसून चिखल ओढत होती. इंजिनाच्या आवाजातूनही तिचं ओरडणं ऐकू येत होतं, "आरं, थांबवा! आमची पोरं पितात ते!"

नर्मदाबाईंना ते ऐकवेना. त्या पुढे झाल्या.

"वन्स, भागीनं पाणी नाय काढलं. मी खोटं बोलले. विहीर उपसावी म्हणून बोलले. त्यात शेण हाय, माझी पोर त्यानं आजारी हाय, आणि तुमी कोणी ऐकत नव्हता म्हणून मी त्या बाईचं नाव घेतलं."

आता सगळे आपल्याला फाडून खातील, असं त्यांना वाटलं. तसं काहीच झालं नाही. साखरबाईंच्या कपाळावरची आठी आधी उलगडली आणि मग त्यांच्या तोंडावर इतका आनंद पसरला की नर्मदाबाई बघतच राहिल्या.

"म्हणजे भागीनं हात लावलाच नाय?"

"नाय."

"मग विहीर शुद्धच हाय की!" साखरबाई वळून ओरडल्या. "पुंजा, इंजिन बंद कर! थोडक्यात वाचलो रे! मंजुळे, ये गं बाहेर!"

इंजिन बंद झालं. एकदम शांत झालं. विहिरीत अर्धंमुर्धं काळपट पाणी उरलं होतं आणि त्यात नवशा अजून कमरेभर उभा होता. तो वर बघून म्हणाला, "शेट, खालती अजून लय हाय." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"वहिनींनी आज सगळ्यांची चेष्टाच केली," पुंजाराम रंभाबाईंकडे बघून हसला. हसताना त्याच्या पोटात कळ आली, ती त्यानं हसण्यातच दाबली.

मंजुळेला साखरबाईंनी धरून आणलं. रहाटापाशी तिच्या हातात दोर दिला. तिला घागर ओढता येईना, तेव्हा पुंजारामनं मागून ओढली, मंजुळेचा हात दोराला नुसता लावून घेतला आणि साखरबाई म्हणाल्या, झालं, हात लागला म्हणजे झालं. तांब्या भरला. तांब्यात पेंढ्याची काडी तरंगत होती. साखरबाईंनी ती बोटानं उचलून टाकली.

"पी बाळा. एक घोट. मग रंभाबाईंना दे."

"मी हे पाणी…" रंभाबाई म्हणत होत्या, पण भगवंतराव मध्येच म्हणाले, "गोड हाय! तीन पिढ्या पितोय! आमच्या मुलीनं प्यायल्यावर तुमची खात्री पटेल."

मंजुळेनं आईकडे बघितलं.

खरं सांगून झालं होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता. खोट्यानं निदान निम्मी विहीर तरी रिकामी केली होती. नर्मदाबाईंनी पदर खोचला आणि अंगणातून हाक मारली.

"भागी! वर ये. विहिरीतनं पाणी काढ."

भागी उठली. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले होते. तिनं ऐकलं, समजून घेतलं, पण जागची हलली नाही.

"खरंच काढू?"

"खरंच काढ. सगळ्यांसमोर."

"काढते. पन आदी हा पाट फिरवा."

"इंजिन बंद हाय आता."

"मी हात लावला की परत लावाल. मग ते समदं कुठं जाईल? आमच्याकडंच. आदी पाट फिरवा, बाय. नायतर नाय काढीत."

पाट फिरवायला एकच वाट होती, डावीकडे, पुंजारामच्या पानमळ्यात. नर्मदाबाईंनी विहिरीजवळचं फावडं उचललं. ठेवणीतलं जरीचं लुगडं नेसलेली, पाहुण्यांच्या स्वागताला सजलेली घरची थोरली सून फावडं घेऊन वाडीतून चालली, आणि मंजुळेसकट सगळेजण तांब्याचं विसरून बघत राहिले. त्यांनी चार घाव घालून डावीकडचा बांध तोडला, ती माती भागीनं पाटाच्या तोंडात लोटली. उरलेलं काळं पाणी वळलं आणि नीट लावलेल्या वेलींच्या ओळींत शिरलं.

"वहिनी! वहिनी, वेल कुजतील!" पुंजाराम धावला. "एवढं शेणपाणी नाय सोसत त्यांना! मी आधीच गेल्या आठवड्यात सोडलेलं…"

तो थांबला. पण भगवंतरावांनी ऐकलं होतं.

"गेल्या आठवड्यात काय सोडलेलंस?"

पुंजाराम टमरेल शोधायच्या निमित्तानं परसाकडे बघायला लागला.

तेवढ्यात भागी विहिरीवर आली होती. जिथे तिनं जन्मात पाय ठेवला नव्हता त्या दगडावर ती उभी राहिली. आत नवशा होता. "सरक," ती त्याला म्हणाली. घागर सोडली, भरली, दोन्ही हातांनी भराभर ओढली, आणि रंभाबाईंच्या पायांपासून थोडी लांब, अंगणात पालथी केली. घागरीतून पाण्याआधी शेणाचा गोळा पडला.

"बाटली!" साखरबाईंनी कपाळावर हात मारला. "विहीर बाटली! माझ्या डोळ्यांसमोर बाटली!"

नर्मदाबाईंना तो शब्द इतका गोड कधीच लागला नव्हता. त्यांनी मंजुळेच्या हातातला तांब्या घेतला आणि तिथेच ओतून टाकला.

भगवंतराव रंभाबाईंकडे वळले. सकाळचं सगळं भाषण त्यांना पुन्हा आठवलं. "विहीणबाई, तुमी शिकल्यासवरल्या घरच्या. आता कायद्यानं विटाळबिटाळ काही…"

"विटाळाचं राहू द्या," रंभाबाई म्हणाल्या. "आमच्या एडवणीतलं पाणी मचूळ हाय, पण ते हाताला चिकटत नाय. मुलगी आजारी हाय हे मला ती बाहेर आल्याबरोबर दिसलं. ती बरी होऊ दे, मग बघू. तोवर तिला आमच्याकडचं पाणी पाठवते, खारट हाय, पण मरणार नाय त्यानं." मग त्यांनी नर्मदाबाईंच्या हातातल्या फावड्याकडे एकवार बघितलं. "सासू म्हणून मला मुलीपेक्षा मुलीच्या आईची भीती वाटायला लागलीय." त्या हसल्या नाहीत, पण गाडीकडेही निघाल्या नाहीत. ओटीवर जाऊन बसल्या आणि नारळ मागितला.

भगवंतरावांनी भावाकडे बघितलं.

"इंजिन लाव."

"दादा, सगळं पानमळ्यात जाईल!"

"लाव म्हणतो ना. तळापर्यंत. नंतर खड्ड्याचं बघतो, आणि तुझं पण बघतो."

इंजिन पुन्हा धडधडलं. नवशानं आतून दुसरी पाटी वर दिली. साखरबाई गोमूत्राचं भांडं घेऊन, कशावर किती शिंपडायचं याच्या विचारात अंगणभर फिरत होत्या.

भागी कुंपणाकडे निघाली होती. नर्मदाबाई तिच्या मागे गेल्या.

"भागी, मी तुझं नाव घ्यायला नको होतं. चुकलं माझं. उद्या दोघं कामाला या. कोण बोललं तर मी बघते."

"येऊ की. नाय येऊन खाऊ काय?" भागी हात झटकत म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तिनं तो लपवला नाही. "पन सकाळधरनं गेलं तेवढं पानी आमच्या झिऱ्यात गेलंच, बाय. पोरं आता तहानेली येतील. त्यांना काय पाजू, तेवढं सांगा."

नर्मदाबाई रिकामा तांब्या हातात घेऊन उभ्या राहिल्या. भागी उतारावरून पाड्याकडे पळत गेली.